कोरी बाजू

एरंडोलला बसस्टँडमागे माझं कॅसेटचं दुकान होतं.
आता तिथे मोबाइलची कव्हरं लटकतात.
मागच्या खोलीत लोखंडी पेटी,
पेटीत डांबराच्या गोळ्या आणि साठची एक कॅसेट:
‘हिलाल. क्लॅरिनेट. बाजू अ.’
अक्षर माझंच. शाई तेव्हा निळी होती.

जय अंजनी बँडचा लाल कोट त्याच्या आदल्या माणसाचा,
बाह्या बोटांवर यायच्या,
म्हणून वाजवण्याआधी तो त्या दोनदा दुमडायचा.
लग्नसराईत दिवसाला तीन वराती,
सकाळी कासोदा, दुपारी इथे, रात्री धरणगाव,
नाचणारे म्हणतील ते. नागीण म्हटलं की नागीण.

एप्रिलची दुपार. घोडी यायची होती.
तो दुकानात शिरला, पंख्याखाली मठ्ठा प्यायला,
म्हणाला, टेप लाव.

सतरा मिनिटं.
आठव्या मिनिटाला हायवेवरून ट्रक गेला
धुळ्याकडे, भोंगा लांब ओढत.
मी बटणाकडे हात नेला. त्याने डोळ्यांनीच अडवलं
आणि भोंग्याचा सूर उचलला,
रस्त्यात पडलेलं पोर उचलावं तसा,
धूळ झटकली, कडेवर घेतला,
थोडा हिंडवला,
आणि आणून सोडला षड्जाच्या ओट्यावर.

बाह्या सरळ करताना मी विचारलं, दुसरी बाजू?
‘ती कोरी ऱ्हाऊ दे, भो. तठे मी मन्हं वाजाडसू.’
मग हे कोणाचं होतं?
तो हसला. घोडी आली होती.

जूनमध्ये कावीळ. सव्विसावं सरत होतं.
गळ्यात कुणी मुळांची माळ घातली,
ती लांबत जाते तशी कावीळ उतरते म्हणे.
माळ लांबत गेली. रोज एक बोट. बेंबीपर्यंत.

मयतीत बँडवाले चालले रिकाम्या हातांनी,
हातांचं काय करावं ते कुणाला कळेना.
रऊफचाचा ढोलाच्या दोऱ्या आवळत महिन्याने बोलले:
‘हिलाल म्हणजे कोर. पहिली.
तिच्यावरून ईद ठरते. उजेड पडत नाही.’

कोर म्हटलं की मला कासोद्याची रूपकोर आठवते.
कानबाईच्या रात्री दर वर्षी नवं कडवं जुळवायची,
गावातल्या एकाला तरी चिमटा.
तेविसाव्या वर्षी बाळंतपणात गेली.
तिची तर कॅसेटही नाही.
बायका अजून त्या जागेशी आल्या की थांबतात,
एका कडव्यापुरते नुसते टाळ वाजतात,
आणि ज्याला चिमटा बसायचा राहिला
तो पुढाऱ्यासारखा मिरवतो.

कधी रात्री मी उलटा हिशेब मांडतो.
हिलालने आज साठी ओलांडली असती.
पुढचे दात गेले असते, क्लॅरिनेटला दात लागतात.
डीजे आला त्या वर्षी कोट विकून
तो जिनिंगच्या गेटवर बसला असता,
दुकानावरून जाता जाता बिडी मागितली असती,
मी म्हटलं असतं, नंतर ये.
गेलेला माणूस बेसूर होत नाही.
यात त्याची कमाई काही नाही,
लबाडी आपली आहे.

हे सगळं मला पटतं.
मग मी आठवं मिनिट लावतो,
आणि पटलेलं सगळं त्या भोंग्याच्या कडेवर बसून निघून जातं.

हायवे आता बायपासने जातो. भोंगे इथवर येत नाहीत.

परवा कव्हरवाल्या पोराने म्हटलं,
काका, पेनड्राइव्हवर घेऊन देतो, टेप चिकटेल नाहीतर.
अ बाजू घेतली. म्हणाला, उलटीवर काही नाही.
म्हटलं, ती पण घे. पूर्ण.
तीस मिनिटं खरखर.
मध्ये तो काही तरी विचारायला तोंड उघडत होता.
मला माहीत आहे, वायरमधून घेताना
खोलीतलं बोलणं आत जात नाही.
तरी मी त्याला बोलू दिलं नाही.